डोळ्याला इजा: कुठे लगेच पाणी, कुठे हातही लावायचा नाही

डोळ्याला इजा झाली की पहिला निर्णय एकच असतो: डोळा धुवायचा की नुसता झाकायचा. रसायन, चुना, सिमेंट, बॅटरीतलं अ‍ॅसिड असं काही उडालं असेल तर पाणी, तेही त्याच क्षणी, डॉक्टर शोधण्याच्या आधी. टोकदार काही घुसलं असेल किंवा जोराच्या फटक्याने डोळा फुटल्याची शंका असेल तर पाण्याचा थेंब नाही, औषधाचा थेंब नाही, कापसाचा बोळाही नाही. डोळ्याला कुठेही न टेकणारं कडक झाकण लावायचं आणि रुग्णालयाकडे निघायचं. या दोन्हींची अदलाबदल झाली तर वाचण्यासारखा डोळा हातचा जातो.

एक समज आधीच सोडून द्यायला हवा. दुखतंय जास्त म्हणजे लागलंय जास्त, असं डोळ्याच्या बाबतीत नसतं. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलात, म्हणजे कॉर्नियात, मज्जातंतूंचं अतिशय दाट जाळं असतं. त्यावर नुसता नखाचा ओरखडा उठला तरी धडधाकट माणसाला डोळा उघडता येत नाही, पाणी थांबत नाही, उजेड सोसत नाही. आणि दोन-तीन दिवसांत सगळं बरं होतं. याउलट छिन्नीवर हातोडा मारताना उडालेली पोलादाची बारीक कपची इतक्या वेगात येते की कॉर्निया भेदून आत जाऊन बसते आणि माणसाला काहीतरी टोचलं एवढंच जाणवतं. तो डोळ्यावरून हात फिरवतो आणि पुन्हा कामाला लागतो. म्हणून वेदनेवर विसंबू नका. काय लागलं, नजर किती आहे आणि बाहुली गोल आहे का, या तीन गोष्टींवर विसंबा.

विचारायचं काय

'उडालं काहीतरी, माहीत नाही' असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न: त्या क्षणी हातात काय होतं? धातूवर धातू आपटत होता, ग्राइंडर किंवा गवत कापायचं यंत्र चालू होतं असं कळलं, तर तुकडा डोळ्याच्या आत आहे असंच धरून चालायचं, तपासणीत नाही असं ठरेपर्यंत. डोळा वरून कितीही ठीक दिसो.

चेंडू लागला असेल तर त्याचा आकार विचारा. डोळ्याभोवतीच्या हाडांच्या कडेपेक्षा मोठा चेंडू बराचसा मार हाडावर सोडतो. लहान चेंडू, शटलकॉक, बाटलीचं बूच, ताणलेल्या रबरी दोरीचा सुटलेला हूक हे थेट डोळ्यावर बसतात आणि आतली मोडतोड जास्त करतात.

डोळ्यावर आधी शस्त्रक्रिया झाली आहे का हेही विचारा. बदललेल्या कॉर्नियाची किंवा मोठा छेद घेऊन केलेल्या जुन्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची जखम पहिल्यासारखी मजबूत कधीच होत नाही. घरात पडल्याचं साधं निमित्त होऊन ती पुन्हा उघडू शकते. चष्म्याची काच फुटली का, कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यात आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, धनुर्वाताची लस कधी घेतली आणि शेवटचं खाणंपिणं कधी झालं, हे सगळं वेळेसह लिहून घ्या. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण भूल कधी देता येईल हे त्यावर ठरतं.

नजर मोजणं

रसायनाची इजा सोडली तर प्रत्येक वेळी काहीही करण्यापूर्वी नजर पाहायची, दोन्ही डोळ्यांची, वेगवेगळी. दोन्ही डोळे उघडे ठेवून 'दिसतंय का?' असं विचारण्याला काही अर्थ नाही, कारण चांगला डोळा सगळं भरून काढतो. दुसरा डोळा तळहाताने झाकायला सांगा. बोटांनी झाकला तर फटीतून दिसतं, शिवाय डोळ्यावर दाब पडतो. जखमी डोळा मात्र कोणत्याही कारणाने दाबून झाकू नका. त्याच्यापुढे कागद किंवा पुठ्ठा धरा.

तक्ता असेल तर तक्ता, नसेल तर हातात येईल तो छापील मजकूर. तो वाचता आला नाही तर एक मीटरवरून बोटं मोजायला सांगा, तेही जमलं नाही तर हात हलवून हालचाल कळते का पाहा, आणि शेवटी टॉर्चचा उजेड कळतो का. चष्मा असेल तो लावून, मोडला असेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून वाचायला लावा. चष्म्याचा नंबर बराचसा त्याने भरून निघतो. निष्कर्ष वेळेसह लिहा. पुढे डोळा किती परत येईल याचा अंदाज देणाऱ्या गोष्टींत ही पहिल्या तपासणीतली नजर सर्वांत वजनदार असते, आणि ती मागाहून मोजता येत नाही.

पापण्या सुजून मिटल्या असतील तर बोटांनी ताणून उघडू नका. मिटल्या पापणीवरून टॉर्च मारून उजेड कळतो का, एवढंच विचारा. लहान मूल रडत, झटापट करत असेल तर त्याचे हात धरून पापण्या फाकवणं हा सर्वांत वाईट मार्ग. भूल देऊन तपासावं लागलं तरी चालेल.

बाहुली पाहताना आकार आधी पाहा. गोल नसून थेंबासारखी एका बाजूला ओढली गेली असेल तर त्या टोकाच्या दिशेला जखम आहे आणि बुबुळाचा पडदा तिच्यात अडकला आहे. मग टॉर्च एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद, लगेच दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर अशी फिरवा. जखमी डोळ्यावर उजेड पडताच बाहुली आकसण्याऐवजी पसरू लागली तर आत डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) किंवा नजरेच्या नसेला मोठा धक्का बसला आहे.

रसायन गेलं: घड्याळ लावून धुणं

इथे कोणतीही तपासणी थांबू शकते, पाणी थांबू शकत नाही. सर्वांत शुद्ध पाणी कुठे मिळेल याचा शोध घेत बसू नका. जवळचं स्वच्छ पाणी घ्या.

१. चुना, सिमेंट किंवा कोरडी पूड असेल तर पापण्यांवरची आणि गालावरची पूड कोरड्या कापडाने झटकन बाजूला करा. भाजलेला चुना पाण्याशी संयोग पावून तापतो. यात काही सेकंदच घालवायचे.

२. डोकं जखमी डोळ्याच्या बाजूला कलतं ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही.

३. पापण्या बोटांनी उघड्या धरा. त्या घट्ट मिटतातच. माणूस आपणहून उघड्या ठेवू शकत नाही. पाणी बंद पापणीवरून वाहत राहिलं आणि घड्याळात अर्धा तास झाला, ही इथली नेहमीची चूक.

४. धार हलकी पण अखंड ठेवा. नाकाकडून कानाकडे वाहू द्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहायला सांगत राहा.

५. किमान ३० मिनिटं. वाहन आलं तर वाटेतही बाटलीने धार चालू ठेवा.

कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघाली तर काढा, नाही तर पाण्याबरोबर निघून जाते. तिच्यासाठी धुणं थांबवू नका. अ‍ॅसिडवर सोडा किंवा अल्कलीवर, म्हणजे चुन्यासारख्या क्षारीय पदार्थावर, व्हिनेगर असला उतारा कधीही करू नका. दोन्हींच्या अभिक्रियेत उष्णता निघते आणि भाजलेल्यावर पुन्हा भाजतं.

अल्कली अ‍ॅसिडपेक्षा वाईट का, हे एकदा समजलं की घाई कुठे जास्त करायची तेही कळतं. अ‍ॅसिड पृष्ठभागावरची प्रथिनं गोठवतं आणि त्या गोठलेल्या थराने स्वतःचीच वाट काही प्रमाणात अडवतं. अल्कली पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध भागाचा साबण करतं आणि आत शिरत राहतं. अमोनिया तर मिनिटाच्या आत डोळ्याच्या पुढच्या कप्प्यापर्यंत पोचतो. चुना, सिमेंट, गटार मोकळं करायची पूड, भट्टी साफ करायचे द्राव, अमोनिया ही सगळी अल्कली. गाडीतली एअरबॅग फुटते तेव्हा उडणारी पूडही अल्कलीच असते, त्यामुळे अपघातानंतर डोळे चुरचुरत असतील तर निव्वळ मार म्हणून सोडून देऊ नका. अ‍ॅसिडांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड हा अपवाद. तेही खोल उतरतं.

दवाखान्यात आल्यावर भूल आणणारे थेंब घालून मग धुवा, दर १०-१५ मिनिटांनी पुन्हा घाला. त्याशिवाय रुग्ण डोळा उघडू देणार नाही. रिंगर लॅक्टेट किंवा सलाईनची बाटली, सुई काढलेला आयव्ही सेट, टोक डोळ्यापासून थोडं वर. एक ते दोन लिटर ही सुरुवात समजा. वरची पापणी उलटवा, मग रिट्रॅक्टरने (पापणी उचलून धरायच्या साधनाने) आणखी एकदा उलटवून पापणी आणि डोळा यांच्यामधली सर्वांत वरची खोबण पाहा, ओल्या कापसाच्या काडीने वरच्या आणि खालच्या दोन्ही खोबणी पुसून काढा. चुन्याचा एक कण तिथे राहिला तर वरून कितीही पाणी घातलं तरी तो विरघळत राहून भाजतच राहतो.

धुणं थांबवायचं पीएचच्या (अ‍ॅसिड-अल्कलीचं प्रमाण दाखवणाऱ्या) कागदावर, अंदाजावर नाही. धार थांबवून ५ ते १० मिनिटं थांबा, मग खालच्या पापणीच्या आत कागद लावा. लगेच लावला तर डोळ्याचा नाही, सलाईनचा पीएच कळतो. आकडा ७ ते ७.४ च्या दरम्यान आला पाहिजे. शंका वाटली तर चांगल्या डोळ्याला दुसरा कागद लावून ताडून पाहा. अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. आकडा वर चढला असेल तर कुठेतरी कण अडकला आहे.

यानंतर रंगाकडे पाहा, आणि इथे नेहमीचा हिशेब उलटा आहे. भाजलेला डोळा लालभडक दिसतो हे बरं लक्षण. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरचा भाग पांढराफटक, रक्तवाहिन्या नाहीशा झालेला दिसला तर तिथला रक्तपुरवठा तुटला आहे. कॉर्नियाचा वरचा थर नव्याने घडवणाऱ्या मूळपेशी त्याच कडेवर असतात. असा डोळा शांत वाटतो, दुखतही नाही, आणि तोच सर्वांत आधी नेत्रतज्ज्ञाकडे गेला पाहिजे.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पापण्या चिकटल्या तर ओढू नका, कुठलाही द्रावक लावू नका. कोमट पाण्यात भिजवलेली गॉज ठेवत राहा. काही दिवसांत त्या आपोआप सुटतात. पण आत गोंदाचा कडक गोळा कॉर्नियावर घासत असू शकतो, त्यामुळे त्याच दिवशी दाखवा.

फटाका किंवा बॅटरी फुटून रसायन आणि मार दोन्ही एकत्र आले तर? डोळा फाटलेला दिसत असला तरी रसायन आत ठेवून चालत नाही. पापण्यांवर जराही दाब न देता, अगदी हलक्या धारेने धुवा आणि तसंच पुढे न्या.

डोळा फाटला, किंवा तशी शंका आली

काही खुणा लांबूनही ओळखू येतात: थेंबाच्या आकाराची बाहुली, जखमेतून डोकावणारा तपकिरी-काळा ऊतक, डोळ्यातून ओघळणारा चिकट द्रव, आत खेचल्यासारखा मऊ दिसणारा डोळा. काही खुणा फसव्या असतात. पांढऱ्या भागावर रक्त साखळतं ते एरवी किरकोळ असतं, पण मार लागल्यावर ते चारही बाजूंनी, फुगवटा येऊन पसरलं असेल तर त्याच्या आड पांढरं कवच फाटलेलं असू शकतं. काळा ऊतक हा कचरा समजून चिमट्याने ओढला जातो. तो बुबुळाचा पडदा असतो.

संशय आला की तपासणी तिथेच थांबवायची. डोळ्याचा दाब मोजू नका, पापणी उलटवू नका, सोनोग्राफीचा प्रोब टेकवू नका. दाब पडला की आतलं भिंग आणि जेली जखमेतून बाहेर येते आणि ती परत घालता येत नाही.

झाकणासाठी भोकं असलेलं धातूचं किंवा प्लास्टिकचं शील्ड उत्तम. नसेल तर कागदी पेल्याचा तळाचा भाग कापून घ्या. त्याची कड वर भुवईच्या हाडावर आणि खाली गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, मधे डोळ्याला कुठेही नाही. कपाळावरून गालाकडे तिरप्या चिकटपट्ट्या लावा. शील्डखाली कापूस किंवा गॉज भरणं ही अगदी सवयीने होणारी चूक आहे. गादीसारखं वाटतं, पण तोच दाब डोळ्यावर पडतो. मलम लावायचं नाही, कारण ते जखमेतून आत जातं.

काही रुतून बसलं असेल तर काढू नका. बाहेर आलेला भाग लांब असेल तर पेल्याला भोक पाडून तो त्यातून बाहेर राहील असं बसवा, किंवा कापडाची चुंबळ करून भोवती ठेवा. तो भाग हलता कामा नये. चांगला डोळाही बांधून टाकण्याची जुनी रीत आहे, दोन्ही डोळे एकत्र हलतात म्हणून. आम्ही ते सुचवत नाही: शुद्धीवरचा माणूस अचानक आंधळा झाल्यासारखा घाबरतो, धडपडतो, आणि त्यात जास्त बिघडतं. समोर एका जागी पाहत राहायला सांगितलं की पुरतं.

डोकं ३० अंश वर ठेवा. वाकणं, शिंकरणं, जोर लावून खोकणं नको. उलटी सर्वांत घातक, म्हणून मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता उलटी थांबवणारं औषध द्या. मोठ्या माणसाला ऑनडॅन्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम शिरेतून. तोंडाने पाणीही नाही, त्यामुळे वेदनेचं औषधही शिरेतूनच, पॅरासिटामॉल वगैरे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. धनुर्वाताची लस द्या. शिरेतून प्रतिजैविक लवकर सुरू व्हावं, सहसा व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम एकत्र देतात. जखमेत माती किंवा वनस्पतीचा तुकडा असेल तर ही घाई दुप्पट, कारण मातीतला बॅसिलस सेरिअस हा जंतू एका दिवसात डोळा आतून नासवू शकतो.

तुकडा शोधायला १ मिलिमीटरच्या पातळ कापांचा सीटी स्कॅन सांगा. धातूची शक्यता संपेपर्यंत एमआरआय नाही. चुंबकाने पोलादाची कपची आत सरकते. कोरडं लाकूड सीटीवर हवेसारखं काळं दिसतं, त्यामुळे काठी किंवा फांदी लागल्याचं रेडिओलॉजिस्टला आधी सांगितलं नाही तर ते हमखास हुकतं. राहून गेलेलं लोखंड गंजत राहतं आणि महिन्या-वर्षांत मागचा पडदा निकामी करतं. तांबं तर तीव्र दाह पेटवतं.

जखम शिवण्याचं काम शक्यतो २४ तासांच्या आत व्हावं.

डोळ्यात रक्त साखळलं

बोथट मारानंतर कॉर्निया आणि बुबुळ यांच्या मधल्या कप्प्यात रक्त उतरतं. बसल्यावर ते खाली पातळी धरतं, जणू वाटीत तळाला साचावं तसं. आडवं पडल्यावर पसरतं आणि नजर एकदम धूसर होते. म्हणून बसवून पाहा. कप्प्याचा एक तृतीयांशापेक्षा कमी भाग भरला तर पहिली पायरी, निम्म्यापर्यंत दुसरी, निम्म्याहून जास्त तिसरी, पूर्ण भरला तर चौथी. पातळी किती मिलिमीटर आहे ते रोज लिहा.

पहिला रक्तस्राव सहसा आपोआप जिरतो. त्रास देतो तो दुसरा: साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात गुठळी सुटते आणि पहिल्यापेक्षा जास्त रक्त येतं. नेमक्या त्याच दिवसांत रुग्णाला बरं वाटू लागलेलं असतं आणि तो कामावर जातो. तेवढे दिवस विश्रांती, झोपताना डोकं ३० ते ४५ अंश वर, डोळ्यावर शील्ड, अ‍ॅस्पिरिन वर्गातली औषधं बंद. बाहुली मोठी ठेवणारे आणि स्टिरॉइडचे थेंब नेत्रतज्ज्ञ ठरवतात. डोळ्याच्या आतला दाब रोज मोजावा लागतो. तो चढलेला राहिला तर रक्ताचा रंग कॉर्नियात उतरतो आणि नस सुकते. दाब ५० वर (मिलिमीटर पाऱ्यात) पाच दिवस किंवा ३५ वर सात दिवस टिकला तर रक्त धुऊन काढायची वेळ आलेली असते. सिकल सेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असलेल्या रुग्णात मात्र २४ च्या वर एक दिवसही फार झाला, कारण त्यांच्या ताठर रक्तपेशी डोळ्यातल्या द्रवाच्या निचऱ्याच्या जाळीत अडकतात. म्हणून सिकल सेल आहे का हे पहिल्याच भेटीत विचारा.

डोळ्याच्या मागे रक्त, आणि मोडलेलं हाड

डोळा पुढे ढकलला गेला आहे, पापण्यांवरूनच दगडासारखा टणक लागतो, हलत नाही, दुखतो आणि नजर मिनिटामिनिटाला उतरते आहे: डोळ्याच्या हाडाच्या खोबणीत रक्त कोंडलं आहे आणि नजरेची नस दाबली जाते आहे. हाताशी दीड ते दोन तास असतात. स्कॅनसाठी थांबायचं नाही. बाहेरच्या कोपऱ्यावर छेद घेऊन पापणीला हाडाशी बांधणारा खालचा पट्टा कापला की दाब उतरतो. हे कौशल्य तातडीच्या विभागातल्या प्रत्येक डॉक्टरकडे असायला हवं. नुसती कातडी कापून पट्टा तसाच राहिला तर काहीही साधत नाही. मात्र असा डोळा फाटलेलाही नाही ना, हे आधी पाहा. तसा संशय असेल तर बोटाने दाबून टणकपणा बघायचा नाही.

या खोबणीचं खालचं हाड मोडलं की वर पाहताना दोन-दोन दिसतं, गाल आणि वरचा ओठ बधिर होतो, डोळा काही दिवसांनी आत गेल्यासारखा वाटतो. नाक शिंकरू नका, हे दोन आठवडे बजावून सांगावं लागतं. शिंकरल्यावर सायनसमधली हवा खोबणीत शिरते आणि पापणी फुग्यासारखी सुजते.

मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचं लवचीक हाड दाराच्या झडपेसारखं उघडून परत मिटतं आणि त्यात स्नायू चिमटला जातो. डोळा बाहेरून पांढरा, सूज नाही, फक्त वर पाहवत नाही, वर पाहिलं की उलटी होते, नाडी मंदावते. हे सगळं डोक्याला मार लागल्यासारखं दिसतं आणि मूल नुसतंच निरीक्षणाखाली ठेवलं जातं. स्नायू सोडवायची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झाली नाही तर तो कायमचा आखडतो.

पापणीची जखम

पापणी फाटलेली असेल तर तिच्याखालचा डोळा आधी तपासा. जखमेत पिवळी चरबी दिसली तर ती खोल आहे. पापणीत कातडीखाली चरबी नसते, ती आतल्या पडद्यामागून आलेली असते. कड फाटली असेल किंवा जखम नाकाकडच्या कोपऱ्यात असेल तर घाईत शिवू नका. तिथून अश्रुनलिका जाते. ती न जोडता वरून शिवली तर डोळा जन्मभर ओघळत राहतो. तज्ज्ञ मिळेपर्यंत एक-दोन दिवस ओल्या गॉजखाली थांबता येतं. तुटलेला तुकडा फेकू नका, इथला रक्तपुरवठा इतका चांगला आहे की तो जगतो. प्राण्याने चावलेलं असेल तर जखम धुऊन रेबीजचे उपचार लगेच.

ओरखडा, कण, वेल्डिंगचा डोळा

या इजा सर्वांत जास्त, आणि बहुतेक साध्या. कण गेला असेल तर चोळू नका. भराभर पापण्या मिटा, स्वच्छ पाण्याने धुवा. राहिलाच तर फ्लुरेसिन या रंगद्रव्याची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहा. ओरखडा हिरवा चमकतो. उभ्या, एकाशेजारी एक रेषा दिसल्या तर कण वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला आहे. पापणी उलटवून ओल्या काडीने टिपला की दोन मिनिटांत आराम. हिरव्या डागातून गडद धार खाली वाहताना दिसली तर मात्र कॉर्नियाला आरपार भोक आहे, शील्ड लावून पाठवा.

कॉर्नियात रुतलेला कण भिंगाखाली, भुलीचा थेंब घालून, २६ नंबरच्या सुईच्या तिरप्या टोकाने काढतात. लोखंडाच्या कणाभोवती काही तासांतच गंजाचं कडं धरतं. ते एकाच बैठकीत खरवडून काढायचा हट्ट नको. एक-दोन दिवसांनी ते मऊ होऊन सहज निघतं.

उपचार म्हणजे प्रतिजैविकाचं मलम किंवा थेंब, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणं. पट्टी बांधल्याने लवकर बरं होत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याला किंवा झाडाचा भाग लागलेल्याला तर ती बांधूच नका, बंद उबेत जंतू वाढतात. आणि झाडाचं पान, काडी, फांदी लागली असेल तर स्टिरॉइडचे थेंब अजिबात नाहीत. बुरशीची लागण स्टिरॉइडखाली सुरुवातीला शांत दिसते, दुखणं कमी होतं, सगळे खूश होतात आणि मग कॉर्निया वितळतो. भूल आणणाऱ्या थेंबांची बाटली घरी न्यायला देऊ नका. रुग्ण हमखास मागतो, कारण इतका आराम दुसऱ्या कशानेच पडत नाही. पण वारंवार घातले तर हेच थेंब जखम भरू देत नाहीत.

वेल्डिंग उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्रास लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, दोन्ही डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. एक-दोन दिवसांत आपोआप जातं. एकाच डोळ्यात असेल तर ते वेल्डिंगचं नाही, कण शोधा.

नखाचा किंवा कागदाच्या कडेचा ओरखडा बरा झाल्यावरही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सकाळी डोळा उघडताच पुन्हा कळ येऊ शकते. नवा थर नीट चिकटलेला नसतो आणि पापणीबरोबर सोलला जातो. काही महिने रात्री वंगणाचं मलम लावलं की हे कमी होतं.

नंतरचे महिने

जोराचा बोथट मार बसलेल्या प्रत्येकाचा मागचा पडदा बाहुली मोठी करून कडेपर्यंत पाहायला हवा. नव्याने काळे ठिपके तरंगू लागले, विजेसारखं चमकलं, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी यायला सांगा. रक्त साखळलेल्या डोळ्याचा निचऱ्याचा कोन चार-सहा आठवड्यांनी तपासा. तो फाटलेला असेल तर काचबिंदू वर्षांनी येतो, कधी दहा-वीस वर्षांनीही, म्हणून दरवर्षी दाब मोजणं आयुष्यभर चालू राहतं.

डोळा फाटून आतला ऊतक बाहेर आला असेल तर दुसऱ्या डोळ्यावरही लक्ष ठेवा. शरीर आपल्याच डोळ्यातल्या ऊतकाला परकं समजून चांगल्या डोळ्यावर उलटतं. असं क्वचित घडतं. घडलं तर बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत, बहुतेक सगळे रुग्ण वर्षाच्या आत. चांगल्या डोळ्याला उजेड सोसेनासा झाला, जवळचं धूसर दिसू लागलं तर थांबू नका. ठिपक्यांच्या लिपीचा जनक लुई ब्रेल याला १८१२ मध्ये, तिसऱ्या वर्षी, वडिलांच्या कारखान्यातली आरी एकाच डोळ्याला लागली होती. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची नजर गेली. आज स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लवकर मिळाली तर तो दुसरा डोळा बहुधा वाचतो.

एकाच डोळ्यावर भिस्त असलेल्या माणसाला नंबर असो वा नसो, पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा, बाजूंनी झाकलेला चष्मा लिहून द्या. काम करताना आणि खेळताना तो डोळ्यावर असायलाच हवा. साध्या काचेचा चष्मा फुटून स्वतःच जखम करतो.